गुरुवारच्या देवकातेबाई

"रडायचं असंल तर भाईर नळ हाय. तितं रडा, तोंड धुवा, मग आत या."

देवकातेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. मी अजून उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. कडेवर सहा वर्षांचा अमोल, त्याचे दात माझ्या खांद्यात रुतलेले, एक चप्पल रस्त्यात कुठंतरी पडलेली. मी त्याला घेऊनच नळावर गेले, एका हातानं तोंड धुतलं आणि परत आले. बाई घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायच्या. त्यांनी मनगट उलटं करून पाहिलं.

"चार मिनिटं. पुढल्या येळंला दोनात आवरायचं."

ही नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझे मिस्टर बारामती एमआयडीसीत मशीनवर होते आणि आम्ही भिगवण रस्त्याला दोन खोल्यांत राहत होतो. अमोल बोलत नव्हता. हाक मारली तर वळून बघत नव्हता. फिरत्या पंख्याकडं तासन्‌तास बघत बसायचा, आणि वीज जाऊन पंखा थांबला, ताटातल्या भाताला आमटी लागली, किंवा नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या गल्लीनं घरी आलो, की जमिनीवर डोकं आपटायचा. कपाळावर कायम टेंगूळ. एका डॉक्टरांनी सांगितलं, उशिरा बोलेल. दुसऱ्यांनी कागदावर मतिमंद असं लिहून दिलं. सासूबाईंनी कुणा माणसाकडून त्याच्या पोटावर बिब्ब्याचे चटके देऊन आणले. ऑटिझम हा शब्द मी पहिल्यांदा बाईंच्या तोंडून ऐकला. त्यांनी तो फळ्यावर लिहिला, खाली 'स्वमग्न' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "नाव कायबी म्हणा. सकाळी उठून दात तुमालाच घासायचेत त्याचे."

त्यांचा वर्ग खताच्या दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात भरायचा. एका बाजूला युरियाची पोती, दुसऱ्या बाजूला सतरंजी. वासानं पहिले काही दिवस डोकं चढायचं, मग कळेनासं व्हायचं. रोज सकाळी मुलांची शाळा असायची. आईबापांचा वर्ग मात्र गुरुवारी दुपारी, कारण गुरुवारी बारामतीचा बाजार. इंदापूर तालुक्यातल्या गावांतून माणसं बाजाराला येतातच, तर त्याच एसटीनं येऊन इथं बसतील, असा बाईंचा हिशेब. घरी सांगायला कारणही सोपं. कितीतरी बायका सासरी "बाजाराला जाते" एवढंच सांगून यायच्या, आणि वर्ग सुटला की धावत जाऊन पिशवीत दोन मेथीच्या जुड्या टाकून एसटी गाठायच्या.

बाई स्वतः इंदापूरकडच्याच. घरची पूर्वी मेंढरं होती, वडिलांनी ती मोडून शेती धरली. उंच, काळ्यासावळ्या, हाडापेरानं मजबूत. चालायच्या अशा, की बरोबरीनं चालणाऱ्याला मधूनमधून पळावं लागे. लग्न केलं नव्हतं. मुंबईला जाऊन अशा मुलांना शिकवायचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. बायकांनी आपापसात त्यांना एक वेडा भाऊ देऊन टाकला होता, तो लहानपणी विहिरीत पडून मेला असंही ठरवलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं.

"कुणी न्हाय माझं तसलं," त्या म्हणाल्या. "डी.एड.ला नंबर लागला न्हाय, हितं लागला. शिकले. जमलं. तुमाला काय वाटलं, मला दया येती म्हणून हितं बसलीय मी?"

साहेब लोक पाहणीला आले की बाई पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. 'बालकांच्या वर्तनसमस्या' वगैरे. साहेबांची पाठ वळली की पुन्हा हाय आणि न्हाय. आमच्यापैकी कुणाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी अमोलची आई. इंजिनिअरची बायकोही पिंकीची आई आणि मोलमजुरीवालीही गणूची आई.

त्या शिकवायच्या ती गोष्ट ऐकायला सोपी होती. पोरगं आपटतं, चावतं, ओरडतं, ते उगाच नाही. त्यातून त्याला काहीतरी मिळतं. काय मिळतं ते शोधा. वहीत तीन रकाने आखा. आधी काय झालं, पोरानं काय केलं, नंतर तुम्ही काय केलंत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना बाईंनी पत्र्याचा डबा आणि चिंचोके दिले होते. पोरगं एकदा ओरडलं की एक चिंचोका डब्यात. गुरुवारी सगळ्यांसमोर डबा सतरंजीवर उपडा करायचा आणि मोजायचं.

"अमोलची आई, डोकं आपटल्यावर काय देता?"

"बिस्कीट. गप्प बसतो मग."

"म्हंजे तुमी त्याला डोकं आपटायची नोकरी लावलीय. पगार बिस्कीट. तो कामाला चुकत न्हाय, तुमी पगाराला चुकत न्हाय. मग काम कसं थांबंल?"

मग म्हणाल्या, "आज पगार बंद." त्यांनी स्वतः एक वाकळ घडी घालून सतरंजीवर टाकली, अमोलच्या हातातलं पंख्याचं तुटकं पातं काढून घेतलं आणि मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. अमोलनं आपटायला सुरुवात केली. वाकळ होती, तरी आवाज येत होता. मी वळायला गेले तर बाईंनी माझा खांदा दाबून धरला. त्याच खांद्यावर त्याचे दात उमटले होते. सतरा मिनिटं. त्या मिनिटं मोठ्यानं मोजत होत्या, म्हणून मला आकडा माहीत आहे. आठव्या मिनिटाला तो आधी कधीच ओरडला नव्हता असा ओरडला. "वाढलं," बाई म्हणाल्या, "म्हंजे लागू पडतंय. जायच्या आधी एकदा चढतंय ते. हितं माघार घेतली की मेलात." सतराव्या मिनिटाला तो थांबला. बाईंनी लगेच त्याच्या तळहातावर एक चुरमुरा ठेवला. एकच. त्यानं तो खाल्ला आणि बाईंकडं पाहिलं. माझ्याकडं त्यानं तसं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी बाईंचा इतका द्वेष केला की घरी जाऊन नीट जेवलेसुद्धा नाही. पुढच्या गुरुवारी परत गेले. दोन महिन्यांनी अमोलच्या कपाळावरचं टेंगूळ बसलं. सहा महिन्यांनी तो तांब्याकडं बोट करून "पा" म्हणाला. आम्ही नवराबायको त्या दिवशी त्याला पाणी पाजून पाजून दमलो. मी बाईंना सांगायला धावत गेले, तर त्या म्हणाल्या, "'णी' कधी म्हणणार?"

त्यांच्याकडं बाप क्वचित यायचे. बावड्याचे एक बागायतदार होते, दत्ताराव. जीपमधून यायचे, सतरंजीवर न बसता खुर्ची मागायचे. त्यांचा नऊ वर्षांचा बंटी अंगावरचे कपडे फाडायचा. दत्तारावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बाई, आमच्याकडं एकच औषध हाय, कंबरंचा पट्टा."

"किती दिवस देताय औषध?"

"झाली असतील चार वर्षं."

"आन् कपडे फाडायचं थांबलं?"

"न्हाय."

"मग लागू पडंना तरी बाटल्या रिकाम्या करताय. दत्ताराव, आज अर्धा तास तुमाला मराठी येत न्हाय. तुमी बंटी."

आधी त्यांना मूठभर खारे दाणे खायला लावले. मग समोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, की त्यांच्याशी फक्त 'बाबाबा' करून बोलायचं. दत्तारावांना हसू आलं होतं. त्यांनी तांब्याकडं बोट दाखवलं. बाईंनी त्यांच्या हातात पाटी दिली. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं. बाईंनी चेंडू दिला आणि हनुवटी धरून गोड हसल्या. पंधरा मिनिटं असं चाललं. उन्हाळ्याचे दिवस, पत्रा तापलेला. दत्तारावांचं हसू गेलं, मान लाल झाली, आणि त्यांनी तांब्याला अशी लाथ मारली की तो पोत्यांवर जाऊन आदळला.

"लिवा," बाई आम्हाला म्हणाल्या. "आधी काय झालं, तर तहान लागली. पोरानं काय केलं, तर तांब्या उडवला. आता नंतर काय करायचं? कुणाकडं पट्टा हाय का?"

आम्ही हसलो. आमच्यातल्या कितीजणी वर्षानुवर्षं हसल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. दत्ताराव जीप घेऊन गेले ते परत आले नाहीत. बंटीची आई मात्र बाजाराचं निमित्त करून येत राहिली. चार महिन्यांनी तिच्या दंडावर पट्ट्याचे वळ दिसायला लागले. बाईंनी तिच्यापुढं वही सरकवली. "आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर तू काय केलंस. लिव." ती लिहायला लागली. तीन ओळी झाल्या असतील, तिचे डोळे भरून वहीवर ठिपके पडायला लागले.

"नळ," बाई म्हणाल्या.

रुक्मिणी वरकुट्याहून यायची. तिच्याही घरची पूर्वी मेंढरंच. वय पंचविशीच्या आत, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिची सोनी सात वर्षांची, गोरीपान, कुरळ्या केसांची. सोनी ओरडायची. बाकी काही नाही, नुसती ओरडायची. गळ्याच्या शिरा तटतटून, तासतासभर, आणि आईनं जवळ घेतलं की थांबायची. त्यामुळं रुक्मिणीला भाकरी थापता येत नव्हती, पाणी आणता येत नव्हतं. शेजारीपाजारी म्हणायचे, ही पोरगी गावात भूत घेऊन आलीय. सासू सोनीला गोठ्यात कोंडायची.

बाईंनी तिला सांगितलं, ओरडत असताना जवळ घ्यायचं नाही. गप्प झाली की लगेच घ्यायचं, मग पाहिजे तेवढं घे. रुक्मिणीनं ते असं पाळलं की आम्ही शिकल्यासवरल्या लाजलो. आम्ही वहीत थापा मारायचो. ती चिंचोका चुकवायची नाही. पहिल्या गुरुवारी तिच्या डब्यातून एकशे बारा निघाले. महिनाभरानं सत्तर. मग चाळीस. बाईंनी कुणाला कधी शाबासकी दिलेली मी ऐकली नव्हती. रुक्मिणीचा डबा मोजून झाल्यावर त्या एकदा आमच्याकडं वळून म्हणाल्या, "हिच्याकडनं शिका." रुक्मिणी मान खाली घालून हसली. त्या दिवशी एसटीत बसेपर्यंत ती हसतच होती.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ती एकटीच आली. सोनीला सासूपाशी ठेवून आली होती. डबा गच्च भरलेला होता.

"मंगळवारपास्नं लई वाढलंय, बाई. थांबतच न्हाय."

"मी काय सांगितलंय? जायच्या आधी चढतंय."

"जेवतबी न्हाय."

"भूक लागली की जेवंल."

"पोट धरती, बाई."

"आन् पोट धरल्यावर तू काय करतीस?"

रुक्मिणी अडखळली. "काल एकदा जवळ घेतली."

"बघा!" बाई आमच्याकडं वळल्या. त्या रंगात आल्या होत्या. "हिला कळलं, नुसत्या वरडण्याचा भाव उतरला. आता पोट धरून बघू. अगं, पोट न्हाय धरलं तिनं, तुला धरलंय!"

आम्ही हसलो. बाई हसल्या, मी हसले. रुक्मिणीही आमच्यात हसली, कारण सगळे हसत होते.

वर्ग सुटल्यावर मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. ती म्हणाली, "ताई, तुमच्या अमोलचंबी असंच वाढलं हुतं का वो?" मी म्हणाले, "अगदी असंच. आता माघार घेऊ नकोस, नाहीतर इतक्या महिन्यांचं पाण्यात जाईल." तिनं मान हलवली आणि एसटीत चढली.

सोमवारी तिच्या गावचा एक माणूस गोदामात निरोप घेऊन आला. सोनी आदल्या दिवशी सकाळी गेली. इंदापूरला दवाखान्यात नेताना टेंपोतच गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आतडं फुटलं होतं, पोटात पू झाला होता, दोन दिवस आधी आणली असती तर वाचली असती.

बाई हातातला खडू न ठेवता ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "अमोलची आई, तुमी येता का?" त्यांनी माझ्याकडं काही मागितलं असं तेवढंच. अमोलला शेजारी ठेवून मी गेले.

वरकुट्याला आम्ही पोचलो तेव्हा पडवीत दहाबारा माणसं बसली होती. बाई उभ्यानंच म्हणाल्या, "पोरगी माझ्यामुळं गेली. आईनं इचारलं हुतं, मी तिला जवळ घिऊ नको म्हनलं."

मग सोनीचे आजोबा, आबा, म्हणाले, "बसा बाई. असं मनाला लावून घिऊ नका. तिचं भोगच तेवढं हुतं."

"आबा, मी काय म्हणतीय ते समजतंय का? औषधानं बरी झाली असती ती."

"बरी हुऊन काय करणार हुती?" सासू आतून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सुटली बिचारी. आमीबी सुटलो. तुमचं उपकारच हायेत, बाई. तुमी शिकवल्यापास्नं घरात जरा तरी शांती हुती." आणि तिनं चहा टाकायला सांगितलं.

बाई चहाची बशी हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांना कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या, अंगावर धावून यायला हवं होतं. सगळं गाव त्यांना साखर पुरेशी आहे का विचारत होतं.

रुक्मिणी आतल्या खोलीत होती. आम्ही गेलो तर ती उठून उभी राहिली, शाळेत बाई आल्यावर मुलं राहतात तशी. पत्र्याचा डबा तिनं फळीवरून काढला आणि बाईंपुढं उपडा केला.

"शुक्रवारी लई वरडली. मी भाईर बसून हुते, आत गेले न्हाय. एवढे झाले. आन् शनिवारी दुपारी एकदम गप झाली. मग दिवसभर एकबी न्हाय. म्हनलं, जमलं. तुमी म्हणला हुता तसंच जमलं. मग मी तिला जवळ घेतली, लई येळ घेतली. ती गपच हुती." ती थांबली. "बाई, मी बराबर केलं हुतं न्हवं?"

बाई त्या चिंचोक्यांपाशी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तू बराबर केलंस. मी सांगितलं ते चूक हुतं."

रुक्मिणीनं मान हलवली. चिंचोके वेचून परत डब्यात भरले.

पुढच्या गुरुवारी ती वर्गाला आली. हातात काही नाही, कडेवर कुणी नाही. नेहमीच्या जागी बसली. आम्हाला कळेना कुठं बघावं. बाईंनी हजेरी घेतली, आणि त्या ओळीपाशी आल्यावर क्षणभर थांबून "सोनीची आई" म्हणाल्या. "हाय," रुक्मिणी म्हणाली. वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला विचारलं, आता तू कशाला येतेस.

"घरात लई गप हाय, बाई. हितं पोरं वरडत्यात."

ती येत राहिली. आणि बाईंनी एक नवा रिवाज सुरू केला. नवे आईबाप आले की पहिल्यांदा सोनीची गोष्ट सांगायच्या. वर्तन बघायच्या आधी अंग बघा. कानात बघा, दात बघा, पोट दाबून बघा, ताप बघा. ज्याला बोलता येत नाही तो ओरडून सांगतो, आणि दुखणं कुठलं, हट्ट कुठला, हे आपल्याला कळत नाही. मला कळलं नाही. एक पोरगी मेली. असं सगळं त्या नीट, न अडखळता सांगायच्या, आणि रुक्मिणी समोर बसून ऐकायची. मी एकदा म्हणाले, "बाई, निदान तिच्यादेखत नका सांगू."

"मग कुणादेखत सांगू?" त्या म्हणाल्या.

महिने गेले तशी ती गोष्ट घासूनपुसून गुळगुळीत झाली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, ते ठरून गेलं. नव्या बायकांचे डोळे ठरल्या जागी भरून यायचे. त्यांना आता नळावर पाठवलं जात नव्हतं. एका गुरुवारी गोष्ट संपली आणि रुक्मिणी उठून उभी राहिली. वर्गात आपणहून ती प्रथमच बोलत होती.

"बाई, एक सांगायचं ऱ्हातंय तुमचं."

"काय?"

"तुमी म्हणता, कळलं न्हाय. म्या सांगितलं हुतं. पोट धरती म्हनलं हुतं. तवा तुमी हसला." तिनं आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती थांबली की नाही, मला माहीत नाही; मी सतरंजीकडं बघत होते. "समदी हसली. मीबी हसले. ते सांगा की. दर येळंला तेवढंच सोडता."

कुणाचं तरी पोरगं कोपऱ्यात पोत्याला नखं लावत होतं, त्याचा आवाज येत होता. बाई खडूनं बोटं घासत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. हसले मी." आणि त्या दिवशीचा वर्ग त्यांनी तिथंच सोडला. रुक्मिणी त्यानंतर आली नाही.

बाईंचा कणा त्या दिवशी गेला, असं मी म्हणेन. त्या शिकवत राहिल्या, पण आता कुठल्याही आईनं काही विचारलं की त्यांचं एकच उत्तर, डॉक्टरला दाखवलं का? दाखवलं म्हटलं, तर दुसऱ्याला दाखवा. कुणाचं पोरगं रडायला लागलं की त्या स्वतःच उठून त्याला जवळ घ्यायच्या, पोट चाचपायच्या, चुरमुऱ्यांची मूठच्या मूठ द्यायच्या. पोरांना ते आठवड्याभरात कळलं. गोदामात कान फाटेल असा कालवा सुरू झाला. बाई मवाळ झाल्या, आम्हाला नावानं हाका मारायला लागल्या, आमची विचारपूस करायला लागल्या, आणि आम्हाला ते नको होतं. आम्हाला पोराचं चावणं थांबवणारं माणूस हवं होतं. बायका आपसात म्हणायच्या, पहिल्या बाई बऱ्या होत्या. एकेक करून येणं बंद झालं. मीही बंद केलं. अमोल तोपर्यंत हातानं जेवत होता, सदरा घालत होता, "पाणी" असं पुरतं म्हणत होता. माझं काम झालं होतं. जाताना मी बाईंना सांगितलंसुद्धा नाही. वर्षभरात गोदामाच्या मालकाला जागा पोत्यांसाठी लागली आणि वर्ग उठला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. वर्ग उठून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. गुरुवारचाच बाजार, उन्हं कलायला आलेली. बाई टोमॅटोवाल्यापुढं वाकून एकेक टोमॅटो दाबून बघत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. हाक मारावी की न मारावी, अशा विचारात मी उभी होते, तेवढ्यात पलीकडून रुक्मिणी आली. अंगानं भरली होती. कडेवर मुलगा होता, चांगला अडीच-तीन वर्षांचा, धडधाकट, पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. त्याच्या एका हातात फुगा, दुसऱ्यात पिपाणी.

तिनं बाईंना पाहिलं आणि ती थांबली. मुलानं जिलबीकडं हात करून भोकाड पसरलं. रुक्मिणीनं बाईंवरची नजर न हलवता जिलबी घेतली आणि त्याला दिली. दोन घास खाऊन त्यानं ती चिखलात टाकली आणि पुन्हा ओरडायला लागला. तिनं दुसरी घेतली. त्यानं तिच्या तोंडावर चापट मारली. तिनं त्या हाताचा मुका घेतला. मग ती चालत बाईंच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली.

"ह्याला रडू देत न्हाय मी, बाई. एकदाबी न्हाय."

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

मुलाला या नव्या बाईची गंमत वाटली असावी. त्यानं पिपाणी उगारली आणि बाईंच्या कपाळावर मारली. रुक्मिणीनं त्याला आवरलं नाही. त्यानं आणखी एकदा मारली, जोरात. बाईंनी मान जराशी खाली घेतली. मार चुकवायला घेतली, की त्याचा हात नीट पोचावा म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. तिसऱ्यांदा मारून तो खिदळला. तेव्हा रुक्मिणीनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती गर्दीत निघून गेली.

बाईंच्या भुवईवर लाल वळ उठला होता. टोमॅटोवाला हातात तराजू घेऊन बघत राहिला होता. बाईंनी पिशवीचं तोंड उघडून त्याच्यापुढं धरलं.

"घाल," त्या म्हणाल्या. "मऊ नको घालूस."